मिरचीच्या वाफ्यात वांगी

महाशिवरात्र झाल्यावर लगेचच्या रविवारी आम्ही शेतावर भाजीचं बी पेरलं, आणि तीन-चार आठवड्यांनी तिथे भलतंच उगवलं...

शेत म्हणजे फार काही नाही. शहराबाहेर, भैरवगढच्या पुढे दोन बिघे जमीन, सासरे बँकेत असताना त्यांनी घेतलेली. गहू बटाईने, म्हणजे वाट्याने, देतो, पण विहिरीजवळचा भाजीचा तुकडा माझ्या सासूबाईंचा. आई आता बहात्तर वर्षांच्या आहेत. शहरातल्या फ्रीगंजच्या घरून दर रविवारी आम्ही त्यांना घेऊन जातो, आणि तिथे पोचल्या की त्या आमच्या राहत नाहीत.

त्यांचं बी कापडी थैल्यांत असायचं. भैरवगढच्या कापड-छपाईवाल्यांकडून मिळालेल्या कतरनींच्या, म्हणजे उरलेल्या तुकड्यांच्या, स्वतः शिवलेल्या छोट्या-छोट्या थैल्या. मळलेल्या, नाडीला कशाही गाठी मारलेल्या.

जानेवारीत मला उत्साह आला. सगळं बी मी एकसारख्या काचेच्या बाटल्यांत भरलं, छापील स्टिकर लावले, थैल्या धुतल्या आणि त्यांचं एक लांब तोरण करून शेतावरच्या खोलीच्या दाराला लावलं. फोटो इथेच टाकला होता, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आवडला होता. आई म्हणाल्या, छान झालंय. एवढंच.

तर मार्चमधली गोष्ट. गहू सोनेरी झालेला, बांधावरचा पळस नुसता पेटलेला, आणि मी मिरचीची रोपं बघायला वाफ्याशी वाकले. शेतावर काम करणाऱ्या रामकन्याबाई शांतपणे म्हणाल्या, "दीदी, ये मिर्ची नहीं है. बैंगन है."

टोमॅटोच्या जागी मिरची होती. वांग्याच्या जागी टोमॅटो. मला काही कळेना... स्टिकर मी स्वतः लावलेले, बाटल्या पुन्हा तपासल्या, सगळं बरोबर. पेरलं आईंनी. चाळीस वर्षं बागकाम केलेल्या बाईंनी.

आईंना विचारलं तर म्हणाल्या, बी मिसळलं असेल कुठेतरी. मग एकेका रोपाचं पान चुरगळून वास घेत पुढे गेल्या. तेही मला विचित्रच वाटलं.

घरी आल्यावर मी आणि मंदार, म्हणजे माझा नवरा, हळू आवाजात बोलत बसलो. विसरायला लागल्या असतील का? मी नेटवर नको-नको ते वाचलं. मग आठवडाभर आम्ही दोघं चोरून त्यांची परीक्षा घेत होतो... सोमवती कधी होती, मंदारच्या मुंजीला कोण-कोण आलं होतं, दूधवाल्याला किती दिवसांची सुट्टी झाली. त्यांना सगळं आठवत होतं. मला आठवत नव्हतं तेही.

मग हे काय आहे? मी आणखीनच गोंधळले. खरं सांगते, एकदा तर असंही मनात आलं की माझ्या बाटल्या आवडल्या नाहीत म्हणून मुद्दाम केलं की काय. आता लाज वाटते.

पुढच्या रविवारी मी विहिरीवरून आले तर आई खोलीच्या दारात उभ्या होत्या. तोंड शेताकडे, आणि हात वर करून तोरणातल्या थैल्या एकेक चाचपत होत्या. माझी चाहूल लागली तरी वळल्या नाहीत.

"ही मिरचीची," त्या म्हणाल्या. "तीन गाठी. वांग्याला दोन, टोमॅटोला मणी."

मला अजूनही पुरतं कळलं नव्हतं. मी आतून एक बाटली आणून त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, आई, यावर काय लिहिलंय?

त्यांनी ती फिरवली. पुन्हा फिरवली. मग खाली ओट्यावर बसल्या.

"बाटल्या सगळ्या सारख्याच लागतात गं हाताला..."

मीही शेजारी बसले. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. वर्षभरापासून सगळं धुक्यातल्यासारखं दिसतंय. रोपं वासाने ओळखतात, माणसं आवाजाने. सांगितलं असतं तर आम्ही म्हणालो असतो, विहिरीजवळ जायचं नाही, पडाल, घरीच बसा. बी कुठलं हे मला विचारलं असतं, तरी कळलंच असतं. म्हणून अंदाजाने पेरलं.

"मंदारला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं... आणि त्याच संध्याकाळी सांगितलं. दोन दिवस आई माझ्याशी बोलल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. लवकर आला असतात तर बरं झालं असतं, पण घाबरण्यासारखं काही नाही. काल एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी आईंनी माझा हात धरला. मला वाटलं भीती वाटत असेल. तर म्हणाल्या, "वाकायला कधीपासून चालेल, तेवढं विचारून ठेव."

मी विचारलं. महिनाभर नाही म्हणाले. आईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मला मात्र अजून एक गोष्ट उमगत नाहीये. त्या बाटल्या भरताना मी एका बाईचे डोळेच काढून घेतले होते, तिला न विचारता. आणि मी ते केलं नसतं, तर तिला दिसत नाही हे आम्हाला कुणालाच कळलं नसतं. वाईट वाटून घ्यावं की बरं...

आज सकाळी पट्टी काढली. आईंनी आधी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग माझ्या हातातल्या कपाकडे बोट दाखवून चहा मागितला. मी दिला, आणि तिथेच रडायला लागले.