थापटेबाई

छातीतला कफ सुटावा म्हणून ती रुग्णांच्या पाठी थापटायची, म्हणून सगळं इस्पितळ तिला थापटेबाई म्हणायचं. खरं आडनाव फक्त पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

तिचा दादा घरं रंगवायचा. शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. याच इस्पितळात ऑपरेशननंतर श्वासाच्या मशीनवर असताना त्याला न्यूमोनिया झाला आणि जंतू कुठल्याच औषधाला दाद देईना. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही तोच जंतू होता, हे रिपोर्ट आल्यावर कळलं. तोवर दादा गेला होता.

रजा संपली तशी ती कामावर आली. रडली नाही. वहिनीला वाटलं, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता, आत नुसतं बधिर झालं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. "नवं औषध येईल तेव्हा येईल. हा जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर आपल्याच हातांनी जातोय." अशा रुग्णांसाठी वेगळी खोली ठरली. दर वेळी हात धुवायचे, गाऊन आणि हातमोजे बदलायचे. खाट उशाकडून उचललेली हवी, तोंड स्वच्छ हवं, श्वासाची नळी काढता येईल का हे रोज बघायचं.

"त्या खोलीत कोण जाईल?"



"मी जाते," ती म्हणाली.

"बाई, तुमचं आत्ताच..."

"मला काही वाटत नाही, डॉक्टर."

ते अक्षरशः खरं होतं.

तिथे पहिला आला तो एक सुतार. ती त्याला कुशीवर वळवायची, थापटायची, सुटलेला कफ मशीननं ओढून काढायची. कोणी घाईत आत शिरलं की सपाट आवाजात म्हणायची, "हात." मोठे डॉक्टरसुद्धा मुकाट्यानं परत फिरून हात धुवायचे.

सुताराची नळी निघाली तेव्हा तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बाई, पाठ आहे, फळी नव्हे."

सिस्टर हसून बेजार झाल्या. तिनं त्याची उशी नीट केली आणि हातमोजे काढले. काही दिवसांनी सुतार आपल्या पायांनी चालत घरी गेला. नंतरच्या दोघांपैकी एक वाचला, एक नाही. पण शेजारच्या खाटांवर तो जंतू पुन्हा गेला नाही.

सुट्टीच्या दिवशी ती वहिनीकडे जेवायला गेली.

"तो सुतार बरा झाला म्हणे?"

"झाला."

"बरं वाटलं असेल ना गं तुला?"

ती जेवत राहिली. वहिनीनं पहिला घास घेतला आणि थांबली.

"अगं, भाजीत मीठच नाही! सांगायचं नाहीस?"

थापटेबाईनं ताटाकडं पाहिलं. भाजी जवळजवळ संपली होती.