ओढ्याच्या वरच्या अंगाला

सोलापूरजवळच्या एका गावात मी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. तिथं ओढ्याच्या वरच्या अंगाला एक गवळी राहायचा. समोरच्याचं बोलणं पुरतं व्हायच्या आधीच तो "व्हय की" म्हणून मोकळा व्हायचा. त्याचा शेणाचा उकिरडा ओढ्याला लागूनच होता.

एका वर्षी वळवाच्या पावसानंतर गावकुसाबाहेरच्या वस्तीत हगवण लागली आणि दोन लेकरं दगावली. गावच्या विहिरीवर त्या वस्तीला बंदी होती, म्हणून ती माणसं ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी प्यायची. उकिरड्याचं पाणी तिथंच उतरतं, असं मी गवळ्याला सांगितलं. झिऱ्यावर जाऊन त्यानं ओंजळभर पाणी घेतलं, हुंगलं आणि ओतून दिलं.

"गुरुजी, ह्ये पानी माझ्या म्हशीबी पीत न्हाईत की."

दुसऱ्या दिवशी त्यानं उकिरडा माळावर हलवला आणि स्वतःची विहीर त्या वस्तीला मोकळी केली. गावानं त्याचं दूध घेणं बंद केलं. मीही केलं. मला गावात राहायचं होतं.

त्यानंतरही वाटेत भेटला की तोच आधी हात जोडायचा. "बरं हाय न्हवं, गुरुजी?"

मी मान खाली घालूनच पुढं जायचो.