वाळलेली फिल्म

आमची प्रयोगशाळा यंत्रमागांच्या गल्लीला लागून आहे. प्लास्टिकच्या फिल्मवर चांदीच्या अतिसूक्ष्म तारांचा पारदर्शक थर द्यायचा, त्यातून वीज सोडून फिल्म उजळवायची आणि ती वाकवली तरी तिचा प्रकाश टिकवायचा, हे आमचे काम. हवेतला सुताचा एक तंतू पडला तरी नमुना वाया जातो. म्हणून ऐन उन्हाळ्यातही पंखा बंद आणि खिडक्यांना चिकटपट्टी.

माझ्या विद्यार्थिनीला पुण्यात नोकरी मिळाली आहे. थर टिकला की तिला सोडायचे, असे मी कबूल केले होते. काल तिने उजळलेली फिल्म पेन्सिलीभोवती गुंडाळली, पुन्हा उलगडली. प्रकाश तसाच राहिला.

“टिकली की, सर! आता सोडा, नाहीतर हितं मीच वाळून फिल्म होईन.”

“अजून थोडी पारदर्शक हवी,” मी म्हणालो.

तिने फिल्म टेबलावर ठेवली. मग म्हणाली, “खिडकी तरी उघडू?”

“फिल्म वाळू दे.”

फिल्म सकाळीच वाळली होती, हे दोघांनाही ठाऊक होते. ती गेल्यावर या बंद खोलीत मी एकटाच उरणार, ही भीती मी काटेकोरपणाच्या नावाखाली लपवत होतो.

“सोमवारी निघ,” असे म्हणून मी चिकटपट्टी काढू लागलो. ती काचेला इतकी घट्ट बसली होती की नख लागेना.

“थांबा सर, ब्लेड आणते.”