अंकुरचा जुना कोट

अमेरिकेतल्या नेपरव्हिलची मालिनी तिथल्या एका कॉलेजातल्या फुटबॉलच्या पोरांना अभ्यासाला बसवते. पोरांना पळवायला अकरा कोच, पण पुस्तकापुढे बसवायला एकटी मालिनी. यंदा मैदानाला नवे दिवे लागले, आणि पैसे पुरत नाहीत म्हणून शिकवणीच्या दोघी बायकांना घरी बसवलं. मार्क घसरले की पोराला खेळू देत नाहीत, मग सगळे कोच हिच्याच दाराशी उभे.

ह्यूस्टनहून आलेला डेरियस असाच स्टॅटिस्टिक्समध्ये गटांगळ्या खात होता. नोव्हेंबरच्या गारठ्यात पातळ हूडी घालून यायचा, डावा हात काखेत खुपसून गणितं सोडवायचा. शेवटी पास झाला एकदाचा. मालिनीनं आपल्या थोरल्याचा, अंकुरचा, जुना कोट आणला आणि त्याच्या अंगावर चढवला. आपल्याकडे थोरल्याचं धाकट्याला जातंच, त्याला भेट कोण म्हणतं?

कॉलेज म्हणतं. खेळाडूला कुणी काही फुकट द्यायचं नाही, असा तिथला नियम. आणि दर ऑगस्टमध्ये तो पोरांना समजावून सांगते कोण, तर मालिनीच. तिला तो आठवला घरी पोळ्या लाटताना. पोळी तव्यावर तशीच करपली.

सकाळी तिनं कोच ब्रेननला सांगितलं.

"कुणी पाहिलं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग कुठला कोट, मालिनी? शनिवारी त्याची आई येतेय मॅच बघायला. पहिल्यांदा."

"माहितेय मला."

"मग गप्प बस की, बाई."

"कॉपी करू नकोस म्हणून मी रोज त्याच्या कानीकपाळी ओरडते. आता कुठल्या तोंडानं ओरडू?"

ती उठली आणि नियम बघणाऱ्या साहेबाकडे गेली.

"कोटाची किंमत काय असेल?" साहेबानं विचारलं.

"अंकुरनं घातला, मग धाकट्या अनिकानं घातला. अस्तर मी दोनदा शिवलंय. तुम्हीच लावा काय ती."

साहेब हसला, पण नियम काही हसला नाही. कोट परत, आणि शनिवारी डेरियस बाहेर. डेरियसनं कोट नीट घडी घालून आणून दिला. "इट्स ओके, मिस मालिनी," म्हणाला, पण वर बघितलं नाही.

शनिवारी तो बाकावर बसून राहिला. मालिनी शोधत शोधत त्याच्या आईपाशी गेली. ती माउली गोधडीएवढं जाड ब्लँकेट गुंडाळून बसली होती. मालिनीनं शेजारी बसून सगळं सांगितलं, आपली चूक आधी.



"रात्रभर बसमध्ये होते मी," आई म्हणाली.

मग तिनं बाकावरच्या पोराकडे बोट केलं.

"फोनवर म्हणाला होता, कोट उबदार आहे." असं म्हणून तिनं ब्लँकेटचं एक टोक मालिनीच्या मांडीवर टाकलं.

मालिनीला आधी नियम आठवला. मग तिनं पाय ब्लँकेटच्या आत ओढून घेतले.