आबांच्या हातातला देव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते.

आधी थोडी फुशारकी मारू द्या. पोलादपूरच्या वरच्या आमच्या वाडीतून पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचलेली मी पहिलीच. कंपवातात मेंदूतल्या, हालचाली सांभाळणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. काही प्रथिनं अशा पेशींना जगवतात, वाढवतात. काचेच्या बशीतल्या मरगळलेल्या पेशीला आम्ही असं एक प्रथिन देतो आणि तिला नवा तंतू फुटतो — तेव्हा माझी छाती फुगते, खोटं कशाला बोलू? माणसाच्या मेंदूत ते अजून साधलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

तर — शिमगा होता. पालखी देवळासमोर सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसलेली, आणि समोर मांडी घालून आबा, माझे वडील. जन्मभर म्हशी राखलेला, गावकीत कधी तोंड न उघडलेला माणूस. त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडल्या पडल्या थरथरत होता. कुणीतरी म्हणालं, "देव आला हाय." बायका पाया पडू लागल्या.

मी काय पाहिलं? फूल उचलायला हात पुढे केला की थरथर थांबायची. परत मांडीवर ठेवला की सुरू. अंगठा बोटावर घासत होता, गोळी वळत असल्यासारखा. आणखी काय पाहिजे होतं मला कळायला? रोज हेच तर वाचते.

मी गप्प बसले. आबा त्या दिवशी ताठ बसले होते हो. नंतर गावकीत त्यांना पुढे बसवू लागले. एसटी स्टँडवर लोक मला 'देवाच्या माणसाची पोर' म्हणू लागले — आणि मला ते आवडलं, माझ्या पदवीपेक्षा जास्त. महाडच्या एका कॉलेजात मी भाषण ठोकलं : लक्षणं लवकर ओळखा, लवकर डॉक्टर गाठा. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आबा होते, हात मांडीवर.

पुढच्या वर्षी ते बांधावरून पडले, खुबा मोडला. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आजाराचं नाव सांगितलं. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा चेहरा केला. गोळ्या सुरू झाल्या. पायांचा ताठरपणा जाईल यांनी — एवढंच मी आबांना सांगितलं.

यंदा ते काठी टेकत सहाणेवर गेले. हात मांडीवर ठेवला. हात शांत. लोक जरा वेळ थांबले, मग उठून आपापल्या कामाला लागले.

परतताना आबांनी विचारलं, "देव रागावला काय गो माज्यावर?"

"नाय आबा," मी म्हटलं, "दमला आसंल."

मी त्यांचा हात धरून चालत होते. अजिबात थरथरत नव्हता तो. आणि मला — तेव्हाही — त्या गोळ्यांचा अभिमान वाटत होता.