मावशींच्या ओवीतला 'मी'

कविता कशी ऐकावी हे आमच्या घरमालकीण मावशींइतकं कळलेलं माणूस मी सत्तरी ओलांडली तरी दुसरं पाहिलं नाही. आणि त्यांचं हे मोठेपण मला उमगलं तेव्हा मी त्यांच्या सख्ख्या भावाला पानभर खडसावणारं पत्र पोस्टाच्या पेटीत टाकून मोकळी झाले होते.

अंबडला मी तेव्हा नवी मास्तरीण होते. मराठी घेऊन बी.ए., खांद्याला शबनम आणि जगाची दुःखं आपल्यालाच कळतात असा चेहरा. राहायला मावशींच्याच दोन खोल्या. मावशींना अक्षरओळख नव्हती, पण कुठलंही गाणं कानावर पडलं की त्यांचा पहिला सवाल ठरलेला, "हे कोन कोनाला सांगून राह्यलंय?" रेडिओवरची नायिका विरहानं झुरायला लागली की हातातलं लाटणं थांबवून म्हणायच्या, "ही त्यालाच सांगून राह्यली आसंल तं सोंग हाय. मैतरणीला सांगत आसंल तं खरं हाय बिलकुल." माझी नात आता कॉलेजात कवितेतल्या निवेदकावर टिपणं काढते. मी गुपचूप वाचते आणि मनात म्हणते, मावशींनी हे पोळ्या लाटताना सांगितलं होतं.

त्यांच्या तावडीतून मीही सुटले नाही. 'मी उन्हात राबते, मातीत झिजते' अशी स्वतःची कविता मी एकदा मोठ्या ठसक्यात वाचून दाखवली. त्यांनी माझे दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले. "बाई, खुरपं कवा धरलं व्हतं?" मी म्हटलं, शेतकरी बाईच्या मनात शिरून लिहिलंय. "शिरा की! पन तिला घरी ठेवलेलं लेकरू दिसतं, बांधावर उभी सासू दिसती. तुमच्या बाईला निस्तं ऊनच दिसून राह्यलंय. ऊन तं वाटंनं जानाऱ्याला दिसतं." कविता फाडण्याइतकी मी शहाणी नव्हते, पण पुन्हा कुणापुढे वाचली नाही.

खुरपणीला गेल्या की शेजारच्या ओळीत कोण आहे ते पाहून त्या ओवी निवडायच्या. सासू असली की सुनेच्या तोंडची ओवी, सून असली की सासूच्या तोंडची. "ज्याचं त्यालाच ऐकवून काय उपेग? त्याला ठावंच हाय."

नागपंचमीच्या आधी एका रविवारी मी वही घेऊन त्यांच्यासोबत शेतात गेले. त्यांच्या एका बाजूला शेजारची सुमन होती, गरीब, अबोल. पलीकडे तिची सासू. मावशींनी सूर लावला:

सनाला समद्यांचे भाऊ यष्टीतून उतरले
माझ्याच गं बंधवाचे पाय कुठं रुतले

मी बांधावर बसून रडले. तीन महिन्यांत मावशींचा भाऊ मी पाहिला नव्हताच! घरात पडलेल्या त्यांच्या माहेरच्या लग्नपत्रिकेवरून पत्ता उतरवला आणि त्या निर्दय बंधूला पत्र लिहिलं.

चौथ्या दिवशी ते बंधू, म्हणजे मामा, भोकरदनहून दारात हजर. काखेत लुगडं, हातात माझं पत्र. "आक्का, मी कवा पंचमी चुकवली का? आन् पंचमी तं आजून आठ दिवसांवर हाय! हे पत्र सरपंचानं पारावर मोठ्यानं वाचलं, समद्या गावानं ऐकलं. असं बोल लावायचं आसंल तं ह्या दाराला माझा आखरीचा रामराम."

मी घाईनं म्हटलं, "अहो मावशी, तुम्हीच गायलात ना!"

मावशींनी अंगणाच्या कुडाकडे एकदाच पाहिलं. तिथे सुमन घागर घेऊन उभी होती, तिच्या मागे सासू. मला मागाहून कळलं ते असं: वाटणीवरून भांडून सुमनचा भाऊ पाच वर्षं फिरकला नव्हता, आणि त्याचं नाव काढायला सासरी बंदी होती. एवढं एक वाक्य बोलल्या असत्या तर मावशी सुटल्या असत्या. पण त्यांनी धाकट्या भावापुढे हात जोडले.

"व्हय रे, मीच म्हनले. म्हातारपनी याद लई येती. तुझं काही चुकलं न्हाई, माझीच जीभ घसरली. बस, च्या घे."

मामा लहान पोरासारखे रडले आणि बसले. ताम्हण आणायला आत आलेल्या मावशींना मी चाचरत विचारलं, "मग ती ओवी..."

"सुमननं म्हनली असती तं घरात भांडन. मी म्हनले तं गानं." आणि बाहेर जाऊन हाक मारली, "ये गं सुमन, तू बी ओवाळ. मामाला काय दोन बहिनी जड न्हाईत." सासूला नाही म्हणता आलं नाही.

पुढे कितीतरी पंचम्या मामा दोघींना ओवाळणी घालत राहिले. सुमनचा भाऊ काही आला नाही. मावशी गेल्या त्या वर्षी मी अंबडला भेटायला गेले, तेव्हा सुमनचे केस पांढरे झाले होते. खुरपणीला निघाली होती. दोघी मावशींच्या बंद दारापाशी जराशा थांबलो. ती म्हणाली, "बाई, मावशीची ती ओवी आता मीच म्हनत आसते. तुम्ही फकस्त कोनाला पत्र धाडू नका."