डाव्या हाताची खूण

डॉक्टरांनी मला दोन्ही हात मांडीवर सैल ठेवायला लावले आणि शंभरापासून उलटे आकडे मोजायला सांगितले. मी कन्नडमध्ये मोजू लागलो. ब्याण्णववर आलो आणि डावा हात आपोआप थरथरू लागला. अंगठा तंबाखू मळल्यासारखा बोटांवर फिरत होता. बायको, शांता, माझ्या तोंडाकडे न बघता त्या हाताकडे बघत होती. कलबुर्गीचे ते न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांचे डॉक्टर, हळूच म्हणाले, "मास्तर, हा पार्किन्सन्स आहे."

मी कर्नाटकातल्या भालकीचा बँड मास्तर. चौदा माणसांचा ब्रास बँड. तरुणपणी क्लॅरनेट वाजवायचो, नंतर मास्तर झालो. सोयरे चेष्टेनं म्हणतात की आता मी नुसते हात हलवून पोट भरतो. वरातीत मी बँडकडे तोंड करून उलटा चालायचो. उजव्या हाताने लय द्यायची, डावा खाली सोडलेला. तो हलला की साईड ड्रमवाल्या महबूबने काड्यांची झड लावायची, ही आमची खूण. सारा बँड ती जाणतो.

गेल्या वर्षी महबूब भलत्याच ठिकाणी झड लावू लागला. पाठवणीची संथ चाल चालू, नवरी आईच्या गळ्यात पडलेली, आणि याचा ड्रम तडतडतोय. मी त्याला सगळ्यांदेखत झापायचो. माझी जीभ तिखट आहे, हे मीच सांगतो. उदगीरच्या एका लग्नात तर मी त्याच्या हातातल्या काड्या काढून घेतल्या आणि उरलेली वरात त्याला झांज वाजवायला लावली. त्याने खाली मान घालून वाजवली.

त्याच वरातीत नवरीच्या मामाने मला विचारलं, मास्तर, तुमचा हात का थरथरतोय? याआधी कुणीच विचारलं नव्हतं. मी हसून टाळलं. पण शांताच्या कानावर ते गेलं. सदऱ्याची बटणं लावायला मला वेळ लागतो, हे तिने आधीच हेरलं होतं. मी वात म्हणून तेल चोळत बसलो होतो. तिने मला बसमध्ये बसवून कलबुर्गीला आणलं.

एमआरआय चांगला आला. मी खूश झालो, तर डॉक्टर म्हणाले, हा आजार त्यात दिसत नाही, दुसरं काही नाही एवढंच कळतं. तुमच्या हाताला रेस्टिंग ट्रेमर आहे, म्हणजे हात कामात असला की शांत आणि सोडून ठेवला की थरथर.

सोडून ठेवला की. मी विचारलं, हे कधीपासून असेल? वर्षभर तरी, असं ते म्हणाले. उलटं चालणं आता बंद, तोल जाईल, हेही म्हणाले. ते मला नंतर घरी आठवलं. बाहेर बाकावर फाईल धरून बसलो, तेव्हा मला फक्त महबूबची खाली घातलेली मान दिसत होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. तो ड्रमचं कातडं ताणत होता. मी सांगितलं, चूक तुझी नव्हती, हात माझा हलत होता.

"ठावं हाय, मास्तर," तो म्हणाला.

"मग बोलला कामून न्हाईस?"

त्याने कातडं आणखी ताणलं. "हात हलला आन् ड्रम वाजला न्हाई, तर लोकं हाताकडं बघतेत. वाजला की वाटतंय, मास्तरनं खूण केली."

मला तिथेच रडू आलं. वर्षभर माझी थरथर त्याने ड्रमखाली झाकली होती आणि वरून माझीच बोलणी खाल्ली होती. मी काड्या काढून घेतल्या, आणि त्याच दिवशी मामाला हात दिसला.

आता लेव्होडोपाच्या गोळ्या चालू आहेत. मेंदूत जे द्रव्य कमी पडतं, ते त्यातून मिळतं. बटणं लागतात. थरथर कमी झाली, गेली नाही. तुमचा हात असा हलत असेल तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तुमच्यापायी कुणीतरी बोलणी खात असेल.

सगळ्या बँडला बसवून मी आजाराचं नाव सांगितलं आणि सर्वांसमोर महबूबची माफी मागितली. डाव्या हाताची खूण आम्ही मोडीत काढली. आता मी पुढे सरळ चालतो, बँडकडे पाठ करून. परवा भालकीतच एक पाठवणी होती. संथ चाल लागली आणि डावा हात हलू लागला. मागे ड्रम गप्प राहिला. दोन बाया माझ्या हाताकडे बघत होत्या. मी तो खिशात घातला नाही.